टेम्पोच्या खांबातला तुटका स्क्रू

दादा गेल्यावर चार महिने त्याचा टेम्पो शेडखाली तसाच उभा होता. मळ्यातली मोसंबी गेवराईच्या बाजारात पोचवायची ती गाडी. शेतीचं मी बघायचो, गाडीचं तो. तो गेलाही त्याच गाडीत. महामार्गावरून परत येताना छातीत कळ आली असणार. त्यानं गाडी डाव्या अंगाला घेतली, इंजिन बंद केलं, हँडब्रेक ओढला आणि स्टिअरिंगवर डोकं टेकलं. येणाऱ्या-जाणाऱ्यांना बराच वेळ वाटत राहिलं, ड्रायव्हर झोपलाय.

मोसंबीची तोड सुरू झाली तेव्हा गाडी मला बाहेर काढावीच लागली.

ड्रायव्हरच्या दारातून आत चढताना धरायला दादानं शेवटच्या उन्हाळ्यात समोरच्या काचेलगतच्या खांबावर एक लोखंडी हँडल बसवलं होतं. दोन स्क्रूंवर, एक वर, एक खाली. त्याला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली होती आणि तिच्यावर चार बोटांचे खळगे पडले होते. पहिल्या दिवशी मी ते धरलं आणि माझी बोटं बरोबर त्या खळग्यांत जाऊन बसली. मी हात काढून घेतला. त्यानंतर दाराची कड धरून चढायला लागलो.

मग आवाज सुरू झाला. गाडी उभी असली आणि इंजिन चालू असलं की ते हँडल खांबावर वाजायचं. टक, टक, मध्ये थोडं थांबून पुन्हा टक. खाली कुणीतरी उभं आहे आणि वर चढायला आधार चाचपतंय, असं वाटायचं. वरचा स्क्रू ढिला झालाय हे मला समजत होतं. तरी एका दुपारी बाजाराच्या फाटकापाशी रांगेत उभा असताना मी दार उघडून खाली बघितलं. खाली फक्त तापलेली माती होती. मागचा ड्रायव्हर ओरडला, "काय पडलं बे?"

"काही न्हाई," मी म्हणालो आणि दार लावून घेतलं.

घरी वेगळंच. संध्याकाळी गाडी वळणावर आली की वहिनी इंजिनच्या आवाजावर चहाचं आधण ठेवायच्या. मी दारात दिसलो की त्यांचा हात चहापत्तीच्या डब्यावर क्षणभर थांबायचा. मग त्या चहा करायच्या.

शेवटी मी एक दिवस स्क्रूड्रायव्हर घेतला आणि तो वरचा स्क्रू आवळायला गेलो. दोन फेरे नीट बसला. तिसऱ्याला खट् झालं, डोकं निघून माझ्या हातात आलं आणि उरलेला स्क्रू खांबातच राहिला. मी खालचाही काढून हँडल सीटखाली टाकलं. आवाज थांबला. पण पुढचे दोन दिवस गाडी चालवताना मी तो आवाजच ऐकायचा प्रयत्न करतोय, हे माझ्या लक्षात आलं. तिसऱ्या दिवशी मी गाडी गेवराईला दादाच्या नेहमीच्या मिस्त्रीकडे नेली. म्हातारा माणूस. सगळे त्याला चाचा म्हणत.

चाचानं खांबाला हात लावला आणि विचारलं, "हे हँडल कावून काढलं?"

"काढलं न्हाई. आवळताना स्क्रू तुटला."

त्यानं तुटक्या टोकाच्या बरोबर मध्ये पंच ठेवून हातोडीनं एक खूण पाडली. थोडं डिझेल सोडलं. मग बारीक ड्रिल लावून हळूहळू भोक पाडलं. पत्र्याला धक्का लागू नये म्हणून तो श्वास रोखून काम करत होता. नंतर त्यानं उलट्या आट्यांचा, टोकाकडे निमुळता होत गेलेला एक पोलादी खिळा त्या भोकात ठोकला आणि पान्यानं उलटा फिरवला. खिळा आत रुतला, करकरला, आणि तुटका स्क्रू त्याच्यासोबत फिरत बाहेर आला.

चाचानं तो उजेडात धरला. "हे बघा भाऊ. तुटल्या जागी अर्धा भाग गंजलेला हाय, अर्धा चकचकीत. म्हंजी तडा जुनाच होता. आन् वाकलाय बी. ह्याच्यावर कुणीतरी सगळं अंग टाकीत होतं."

दादा किरकोळ अंगाचा होता. आयुष्यभर उडी मारून गाडीत बसायचा.

चाचा खाली बघत बोलला, "हँडल मीच बसवलं. म्हणला, चाचा, चढताना लई दम लागतो. मी म्हणलं, डॉक्टरला दाखव. म्हणला, तोड झाल्यावर जातो, घरी सांगू नको. मी न्हाई सांगितलं." थोड्या वेळानं तो म्हणाला, "ह्या गाडीचा आवाज आला की मी अजून मान वर करत न्हाई. तो न्हाई उतरणार, ठाऊक हाय."

मला त्याच्यावर रागावता आलं नाही. ते हँडल मीही रोज बघत होतो. नवीन बसवलं तेव्हा मी दादाला विचारलं होतं, "काय दादा, म्हातारा झालास का?" तो हसून म्हणाला होता, "झालोच की." आणि मीही हसलो होतो.

चाचानं भोक मोठं करून जाड बोल्ट घातला आणि हँडल पुन्हा बसवलं. घरी आल्यावर मी वहिनींना सगळं सांगितलं. त्या भाकरी थापत होत्या, थापायच्या थांबल्या.

"आडवं पडवत न्हवतं, झोपताना दोन दोन उशा घ्यायचे," त्या म्हणाल्या. "पित्त हाय म्हणायचे. मी ओवा देत बसले."

तव्यावरची भाकर करपली. मग त्यांनी एकदम विचारलं, "भाऊजी, तुमाला लागतो का दम?"

"न्हाई."

"खरं सांगा."

"खरंच न्हाई, वहिनी."

त्यांचा विश्वास बसला नाही. पुढच्या आठवड्यात त्या स्वतः मला घेऊन बीडला डॉक्टरकडे गेल्या. तपासणीत काही निघालं नाही. परतीच्या वाटेवर गाडी थांबवायला लावून त्यांनी तपासणीचा कागद माझ्याकडून दोनदा वाचून घेतला. तरी अजून सकाळी मी निघालो की त्या दारात येतात आणि मी गाडीत कसा चढतो, ते बघत उभ्या राहतात.