झाडलेली जागा

निसर्गछायाचित्रणाच्या शिबिराला जावं का, असं आजकालची पोरं मला विचारतात. जावं. आपण किती मूर्ख होऊ शकतो, हे घरी बसून कळत नाही.

मी गेलो तो ऐंशीच्या दशकात, आलापल्लीला. कुरखेड्यात माझा फोटो स्टुडिओ होता. गिऱ्हाइकाला रंगवलेल्या धबधब्यापुढे उभं करायचं, हनुवटी वर करायला सांगायचं आणि बटण दाबायचं, एवढीच माझी कला. बाहेर उन्हात काढलेले माझे फोटो पांढरेफट्ट यायचे. म्हणून नाव नोंदवलं. शिबिरात बाकी सगळे पुण्या-मुंबईचे, गळ्यात दोन-दोन कॅमेरे आणि तोंडात सारखं ‘कंपोझिशन’. सागाचं हिरवंगार जंगल टिपायला आले, तेही मार्चच्या शेवटी, साग उघडाबोडका उभा असताना. आमचे मार्गदर्शक सर तर चूक सागाचीच असल्यासारखे त्याच्याकडे बघत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरांना गावाबाहेर एक मोहाचं झाड ‘सापडलं’. शब्द त्यांचाच. खालची जमीन लख्ख, वाळकं पान नाही, आणि तिच्यावर नुकतीच गळलेली फिकट पिवळी फुलं. सर आवाज खाली आणून म्हणाले, “पाहा, अस्पर्शित निसर्ग.” आमचं घर बौद्ध. न शिवण्याच्या गोष्टी आजोबांकडून पुष्कळ ऐकलेल्या, त्यामुळे त्या शब्दाचं मला हसूच आलं. शिवाय आमच्या भागात मोहाचं एकेक झाड एकेका घराचं असतं. वेचून, वाळवून विकायचं फूल पाल्यात हरवू नये म्हणून घरची माणसं खालची जागा अंगणासारखी झाडून ठेवतात. सर ज्याला निसर्ग म्हणत होते, त्यावर कुणाचा तरी खराटा फिरलेला होता. हे मला ठाऊक होतं, आणि मी तोंड उघडलं नाही. एवढ्या शिकलेल्या लोकांत आपण गावंढळ दिसू, ही भीती.

झाडाची मालकीण टोपलं घेऊन आलीच. साठीची बाई, एकटी. सरांना चौकटीत माणूस नको होता, आणि तिरपं ऊन येईपर्यंत एक फूलही हलायला नको होतं. मी इकडचा म्हणून तिला सांगायला मलाच पुढं केलं. सोबत शिबिराला दिलेला वनखात्याचा खाकीतला गार्ड आला.

“बाई, थोडं थांबा,” मी म्हणालो. “सायेबाले फोटो काढाचा हाय.”

“थांबून कसं चालन भाऊ? आता गाई सुटतीन.”

दहाच मिनिटं, असं मी सांगितलं. तिनं माझ्याकडे नाही, गार्डाच्या कपड्यांकडे पाहिलं आणि टोपलं खाली ठेवलं.

दहा मिनिटांचा पाऊण तास झाला. पण खोटं कशाला बोलू, तेवढ्या वेळात मी जे शिकलो ते स्टुडिओत जन्मभर शिकलो नसतो. कॅमेरा जमिनीलगत लावायचा, ऊन समोरून घ्यायचं, अ‍ॅपर्चर म्हणजे भिंगाचं भोक बारीक करायचं, आणि थांबायचं. ऊन आलं आणि एकेक फूल आतून उजळलं. मला फार आनंद झाला. आयुष्यातला पहिला नीट फोटो मी तेव्हा काढला. मी ओणवाच होतो, तेवढ्यात गावची गुरं आली आणि फुलं खात सुटली. बाई धावली, ओरडली, पण अख्ख्या कळपापुढे तिचं काय चालणार? सरही चिडले. चौकटीत शेपट्या आल्या म्हणून. मग सगळे नाश्त्याला गेले. मीही गेलो, आणि पोहे दुसऱ्यांदा मागून घेतले.

शिबिरात माझ्याच फोटोचं कौतुक झालं. घरी आल्यावर मी तो मोठा करून धुतला, आणि पावसाळ्याआधी एसटीनं परत आलापल्लीला जाऊन बाईचं घर शोधलं. फोटो दिला की झालं गेलं विसरेल, असं वाटलं होतं. आम्हा स्टुडिओवाल्यांची अक्कल तेवढीच.

बाईनं लुगड्याला हात पुसून फोटो घेतला. आपण यात कुठं आहोत, असं ती विचारेल म्हणून मी उत्तर तयार ठेवलं होतं. तिनं ते विचारलंच नाही. फुलांवर बोट ठेवून ती या कडेपासून त्या कडेपर्यंत सावकाश गेली.

“एवढा मोह पडला होता का त्या दिवशी?” ती म्हणाली. “मले वाटलं, थोडासाच गेला असन.”