रविवारी गाडी काढायची

आमच्या घरमालकांना मी आजोबा म्हणते. ते नात्याचे नाहीत. नारायणगुड्यातल्या त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर आम्ही माझ्या जन्माआधीपासून भाड्याने राहतो. मराठी वाचायला मला त्यांनीच शिकवलं. शाळेत माझी तेलुगू आणि इंग्रजी होती, मराठी आईच्या रागावण्यापुरती. मी चुकीचा शब्द वापरला की ते हातातला पेपर खाली ठेवायचे आणि मी दुरुस्त करेपर्यंत वाट बघायचे.

त्यांची एक जुनी मालगाडी आहे. मालगाडी म्हणजे रेल्वेची नव्हे. जीपसारखं नाक, मागे उघडा हौदा, हौद्याला लाकडी फळ्या. आजोबा शेतकी खात्यात होते तेव्हा याच गाडीतून बियाण्याची पोती घेऊन गावोगाव फिरायचे. पुढे खात्याने तिचा लिलाव केला आणि त्यांनीच ती घेतली. तेव्हापासून ती घराच्या बाजूच्या पत्र्याच्या शेडमध्ये असते. तिचा फिकट हिरवा रंग अजून मूळचाच आहे. मागच्या फाळक्याच्या कड्या ते खोबरेल तेलाने पुसायचे. दर रविवारी सकाळी ती शेडमधून बाहेर आणून खिडकीसमोर उभी करायची, इंजिन थोडा वेळ चालू ठेवायचं, मग परत आत. ह्याला घरात ‘गाडी काढणे’ म्हणायचे. “चल, गाडी काढायची,” असा त्यांचा आवाज आला की मी जिना उतरून जायचे आणि फडकं धरून उभी राहायचे. माझं काम तेवढंच होतं.

मागच्या वर्षी आजोबांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. काही शब्द उरले, पण ते नेमके जागेवर येत नाहीत. पांघरूण हवं असलं तरी ‘पाणी’ म्हणतात. त्यांची मुलगी पुण्याहून आली. तिला आम्ही सगळे ताई म्हणतो. तिने दिवसभरासाठी आया ठेवली, औषधांचं बघितलं, आणि जायच्या आधी आमच्याकडे वर आली.

“बाबा जेवत नाहीत,” ती आईला म्हणाली. “रविवार आला की नुसतं खिडकीकडे बघतात. ती गाडी कुणी चालू केली तर बरं होईल.”

“आमची करेल की,” आई म्हणाली. “कॉलेजात आहे.”

मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिलीच, त्यामुळे तिथे नक्की काय शिकवतात हे कुणाला माहीत नाही आणि सगळंच शिकवत असतील असा सर्वांचा समज आहे. बाबा ज्या किराणा दुकानात कामाला आहेत तिथला वजनकाटा बिघडला तरी संध्याकाळी मला विचारतात. मला ‘नाही येत’ म्हणायचं होतं. पण ताईने किल्ली आजोबांच्या डाव्या हातात दिली आणि त्यांनी ती माझ्यापुढे धरली. मी घेतली.

गाडी चालवायला मला शेजारच्या रिक्षावाल्या अण्णांनी शिकवलं, म्हणजे जेवढं लागतं तेवढंच. पहिला गिअर टाकून शेडच्या बाहेर, रिव्हर्स टाकून आत. पहिल्या रविवारी इंजिन सुरू झालं तेव्हा मला घाम फुटला होता. आया खिडकीत आली आणि हाताने खूण केली, की जेवताहेत. त्या दिवशी आजोबांनी दोन इडल्या खाल्ल्या. ताईला फोनवर सांगताना आई इतकी खूश होती, जणू इडल्या मीच शोधून काढल्या. तेव्हापासून रविवारचं माझ्या अंगावर पडलं. मी ताडपत्री झटकायचे, फडकं मारायचे, टायर दाबून बघायचे. दाबल्यावर काय कळायला हवं हे मला कळत नव्हतं, पण आजोबा दाबायचे म्हणून मीही दाबायचे.

मग एका रविवारी गाडी सुरूच झाली नाही. किल्ली फिरवली की ‘टक्’ असा आवाज व्हायचा आणि पुढे काही नाही. आजोबा एक लोखंडी हँडल पुढून घालून फिरवायचे, ते मी बघितलं होतं. माझ्याने ते हललं नाही. मग आई खाली आली. दोघींनी धरून जोर लावला, तर ते उलटं फिरलं आणि आईचं मनगट मुरगळलं.

“आता भाकरी कोण थापणार?” आई मनगट चोळत म्हणाली. “ही तुझी गाडी?”

त्या दिवशी आजोबा जेवले नाहीत. पुढच्या रविवारीही तेच. आया माझ्याकडे अशी बघायची जणू मीच त्यांचं ताट उचलून नेलंय.

आजोबांचा मेकॅनिक मलकपेठेत आहे हे मला माहीत होतं. मी एकटीच गेले. गॅरेजात आधीच लोक उभे होते आणि सगळे एकदम बोलत होते. मला अशा ठिकाणी पुढे होऊन बोलायला जमत नाही. मनात मी वाक्य तयार करत होते. घरात आम्ही जे म्हणतो तेच मी मराठीतून उचललं आणि तसंच दखनीत, म्हणजे इथल्या हिंदीत, ठेवलं.

“क्या होना अम्मा?” मेकॅनिकांनी हात पुसत विचारलं.

“चाचा, वो नारायणगुडे के साब की गाडी है ना, हरी वाली. निकालना है.”

ते थांबले. “निकालना है? पक्का?”

“हौ चाचा, पक्का.”

“बडे साब को मालूम है?”

“उनके वास्तेच निकालना है. वो खाना नई खारे.”

ह्यावर त्यांचा चेहरा एकदम उतरला. मला वाटलं, किती चांगला माणूस आहे. “अल्लाह रहम करे,” ते म्हणाले. “फिकर नक्को करो. मैं आदमी भेजतूं.”

परत येताना बसमध्ये मी खूप दिवसांनी निवांत बसले होते.

रविवारी सकाळी खरंच एक माणूस आला. पांढरा शर्ट, इस्त्री केलेला. हातात पाना नव्हता, पिशवी नव्हती. मला थोडं विचित्र वाटलं, पण मेकॅनिक कसा दिसावा हे मी कोण ठरवणार? त्याने बॉनेटवर बोटाने टकटक केलं, खाली वाकून बघितलं, मोबाईलवर फोटो काढले. मध्येमध्ये प्रश्न विचारत होता आणि मी उत्साहाने सांगत होते. रंग मूळचाच आहे. कुठेही ठोकलेली नाही. हौद्याच्या फळ्यासुद्धा जुन्याच. आजोबांनी पावसाचा एक थेंब लागू दिला नाही. मला वाटत होतं, त्याला गाडीची किंमत कळली की तो जास्त मन लावून दुरुस्त करेल.

तो हसून म्हणाला, “माशाल्ला. ऐसी गाडी अब कां मिलती!” आणि सरळ खिडकीपाशी गेला. आत आजोबा उशीला टेकून बसले होते.

“सलाम साब. बहुत अच्छी रखे आप. बच्ची बोली निकाल रहे करके. मैं लेने को तयार हूं, आप बस हां बोलो.”

तेव्हा मला कळलं. मेकॅनिकला वाटलं होतं, गाडी विकायची आहे. दखनीत गाडी निकालना म्हणजे तेच. मराठीत तरी काय वेगळं आहे? नवी गाडी घेतली तरी आपण ‘गाडी काढली’ म्हणतो. जुनी विकली तरी ‘काढून टाकली’. आणि आमच्या घरात तर शेडमधून चार हात पुढे आणण्याला काढणे म्हणतात. हे सगळं मला त्या एका क्षणात सुचलं.

आजोबांनी माझ्याकडे बघितलं. झटक्यापासून त्यांच्या चेहऱ्याची एक बाजू खाली ओढलेली असते, त्यामुळे ते रागावलेत की रडताहेत की काहीच नाही, हे ओळखू येत नाही. मग त्यांनी मान भिंतीकडे वळवली.

त्या माणसाला मी कसंबसं समजावलं. तो बिचारा ओशाळला. “सोच के बोलो, जल्दी नई,” म्हणाला, ताईचा नंबर लिहून घेतला आणि गेला.

मी आत जाऊन पलंगाशी बसले आणि आजोबांना सगळं सांगितलं. मेकॅनिक काय म्हणाले, मी काय म्हणाले, कुठे चुकले. “मला बाहेर काढायची म्हणायचं होतं, आजोबा. मी विकत नाहीये.” ते ऐकत होते असं वाटलं. पूर्वीचे असते तर त्यांनी पेपर खाली ठेवला असता. बराच वेळ त्यांचे ओठ हलत होते. शेवटी शब्द आला.

“काढ.”

“बाहेर काढू?”

त्यांचा डावा हात पांघरुणावर फिरत राहिला.

“की विकून टाकू म्हणता?”

त्यांनी डोळे मिटले. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, “काढ.” आवाजात कसलाही चढउतार नव्हता. आयेला वाटलं पाणी हवंय, तिने पेला आणला. त्यांनी दोन घोट घेतले.

मी वर येऊन आईला सांगितलं. आई पीठ मळत होती, डाव्या हाताने.

“अगं, मग बाहेर काढ म्हणाले ना,” ती म्हणाली. “दुसरं काय म्हणणार? त्यांचा जीव आहे तिच्यात.”

ताईला फोन केला. “बाबा थकलेत गं,” ती म्हणाली. “विकून टाक म्हणत असतील. मी मनातून तयार आहे. पण मी इथून ‘हो’ म्हणणार नाही, तो त्यांचा निर्णय आहे. तू रोज असतेस तिथे. तू नीट विचार आणि मला सांग. तू म्हणशील तसं करू.”

“मी?”

“किल्ली तुलाच तर दिली आहे ना त्यांनी.”

मी पुन्हा पुन्हा विचारलं. सकाळी विचारलं, जेवणाच्या वेळी विचारलं. विकायची असेल तर डावा हात उचला म्हटलं, तर त्यांनी हात उचलला आणि नाक खाजवलं. कधी ‘काढ’ म्हणायचे, कधी ‘पाणी’, कधी काहीच नाही. एकदा आयेने मला दाराशी अडवलं आणि तेलुगूत म्हणाली, त्यांना त्रास देऊ नकोस. तिचंही बरोबर होतं.

पुढच्या रविवारी मेकॅनिक स्वतः आले. आल्याआल्या कपाळावर हात मारून घेतला.

“अम्मा, निकालना बोले तो निकालना! बाहर लाना बोलते ना बाहर लाने को!”

“गलती हो गई, चाचा.”

“मैं दो दिन नींद नई किया, बडे साब के घर में क्या हो गया बोलके.”

त्यांनी नवी बॅटरी बसवली, प्लग घासले, आणि मला स्टिअरिंगवर बसायला सांगितलं. किल्ली फिरवल्यावर आधी घरघर झाली, मग ते जुनं इंजिन सुरू झालं. मी पहिला गिअर टाकून गाडी खिडकीसमोर आणली आणि थांबवली. चाचा हात हलवून निघून गेले. मी बसून राहिले. आज तरी कळेल, असं मला वाटत होतं. त्यांचा चेहरा बघितला की कळेल. ताट परत आलं की नाही, तेवढ्यावरूनही चाललं असतं.

आया खिडकीत आली. तिने दोन्ही हात जोडून गालाखाली ठेवले.

“पडुकुन्नारु,” ती म्हणाली. झोपलेत.

आवाज सुरू झाल्याबरोबर झोपले, असं ती म्हणाली. खाल्लं का, विचारलं. नाही, पण नको असंही म्हणाले नाहीत.

तेवढ्यात ताईचा फोन आला. मागे इंजिनचा आवाज तिला ऐकू येत असणार. ती म्हणाली, “काय म्हणाले बाबा?”

“झोपलेत,” मी म्हटलं.

“बरं. उठले की विचार आणि आजच कळव. तो गाडी घेणारा माणूस सकाळपासून फोन करतोय.”

मी हो म्हटलं. किल्लीवर हात ठेवला. पण इंजिन बंद केलं तर त्या शांततेने त्यांना जाग येईल, असं मला वाटलं. म्हणून मी ते चालूच ठेवलं.