विंगेतून दिलेलं वाक्य

काजळात खोबरेल तेल कालवून बाई ते वंदनाच्या गालांवर बोटांनी फासत होत्या, आणि मुलींच्या शाळेतल्या त्या कोंदट वर्गात तेलाचा, पावडरीचा, भाड्यानं आणलेल्या जरीच्या अंगरख्यांचा वास दाटला होता. स्नेहसंमेलनात एक जुनं नाटक होतं. परमुलखातला वैद्य मरणाच्या दारातल्या राजपुत्राला वाचवतो, अशी गोष्ट. मी प्रॉम्प्टर. पुस्तक माझ्या हातात.

वंदना यवतमाळची. वडिलांना नव्या कॉम्प्युटर कंपनीत नोकरी लागली, म्हणून ती मंडळी कसबा पेठेत आमच्या समोर भाड्यानं राहायला आलेली. आमच्या घरी मात्र ती कायम 'नागपूरकडची'. आई तर कौतुकानं म्हणायची, "नागपूरकडची असून किती स्वच्छ राहते हो!" आणि आम्ही सगळे माना डोलवायचो. बाईंनी तिला वैद्याचं काम दिलं, तेही असंच. "तुझं बोलणं वेगळंच आहे, शोभेल."

"याचं नाव काय आहे वं?" तालमीत तिनं मला विचारलं. पात्रांची यादी पाहिली. द्वारपालालासुद्धा नाव होतं. वैद्यापुढे नुसतं 'काळा, राकट, परदेशी'. पानोपानी तो औषध उगाळतोय, रात्ररात्र जागतोय, आणि सगळे त्याला 'तो काळा' म्हणताहेत! मला चीड आली, अगदी मनापासून आली. मग आम्हीच त्याचं नाव ठेवलं – सोमदत्त. शेवटी राजा "तू कोण?" विचारतो, तेव्हा "मी परका, महाराज" असं न म्हणता तिनं हे नाव सांगायचं, अडखळली तर विंगेतून मी सांगायचं. गळ्याशपथ ठरलं.

प्रयोगात ती अडखळली. मान वळवून तिनं माझ्याकडे पाहिलं. माझ्या पाठीमागे बाई उभ्या होत्या... आणि मी पुस्तकातलंच वाक्य कुजबुजले.

"मी परका, महाराज," वंदना म्हणाली. टाळ्या पडल्या.

रंग पुसताना ती रडली नाही. एवढंच म्हणाली, "तू तर माह्याकडून होती ना वं?"

उन्हाळ्यात ते लोक घर सोडून गेले. आता मी खराडीत नोकरी करते. आजूबाजूला दहा मुलखांची माणसं, आणि स्वतःला मी फार समंजस वगैरे समजते. परवा कॅन्टीनमध्ये नव्या मुलीकडे पाहून कुणीतरी विचारलं, "कोण गं ती?"

"ती विदर्भातली," मी पटकन म्हणाले.

नाव मला माहीत होतं.