क्लच प्लेटची यादी

आर्णीत बसस्टँडकडून तहसीलकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमची दोन शटरं शेजारी शेजारी होती. एक अब्बांच्या मोटरसायकल दुरुस्तीचं आणि दुसरं माझं, टायपिंग-झेरॉक्सचं. मध्ये एक विटेची भिंत. त्यांच्याकडे कोणी गाडी रेस केली की माझ्या टेबलावरचा माऊस हलायचा.

माझ्याकडे ग्रामपंचायतीचे ठराव यायचे, शाळांचे अहवाल, भाडेकरार, सोसायट्यांच्या अटी आणि शर्ती. या सगळ्यात याद्या फार. दुसऱ्या दुकानांत एक, दोन, तीन असे आकडे हाताने टाकून पुढे स्पेसबार दाबत बसायचे. ओळ लांबली की तिचं दुसरं टोक आकड्याच्या खाली येऊन पडायचं. मी तसं कधी केलं नाही. आकडा वेगळा उभा, मजकूर वेगळा उभा, पोटमुद्दा थोडा आत, त्याला टिंब किंवा अ, आ, इ. देवनागरी आकडे हवेत तर ते. एक वकील म्हणायचे की तुझा कागद न वाचताच समजतो. मला याचा अभिमान होता, हे आधीच सांगून टाकते.

अम्मी जाऊन सहा वर्षं झाली होती. मी लग्न मोडून पुसदहून परत आले त्यालाही तितकीच. घरात आम्ही दोघंच. घरी आमची आमची हिंदी चालायची, पण शटर वर झालं की अब्बा वऱ्हाडीवर यायचे आणि माझ्याशीही तसंच बोलायचे.

त्यांचं विसरणं मला आधी दिसलंच नाही. चष्मा, किल्ल्या, फोन हे सगळ्यांचंच होतं. मग एका दुपारी भिंतीपलीकडून बराच वेळ काहीच आवाज आला नाही म्हणून मी जाऊन पाहिलं. एक गाडी खोललेली होती. अब्बा पाटावर बसले होते आणि समोर ताटलीत पेट्रोलमध्ये धुतलेल्या क्लच प्लेटा होत्या. त्या प्लेटांकडे ते परक्या घरच्या भांड्यांकडे पाहावं तसे पाहत होते.

"ह्या कोणत्या क्रमानं जातेत, बेटा?" त्यांनी मला विचारलं.

चाळीस वर्षं त्यांनी हेच काम केलं होतं. तासाभराने त्यांच्या हातांना आपोआप आठवलं आणि गाडी जोडली गेली. पण त्यांनी मला विचारलं, हे दोघांच्याही लक्षात राहिलं.

यवतमाळच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि आजाराचं नाव सांगितलं. हे परत फिरणारं नाही, असंही सांगितलं. काम एकदम बंद करू नका, जमेल तितकं करू द्या, गोष्टी लिहून समोर ठेवा, असा त्यांचा सल्ला होता. परतीच्या बसमध्ये अब्बा खिडकीशी बसले होते. घाट उतरल्यावर म्हणाले, "लिहून ठेवणं तं तुह्यं काम हाय. मी सांगतो, तू छाप."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्या दुकानात स्टूलवर येऊन बसले. त्यांचा सकाळचा वेळ चांगला असायचा. ते एकेक पायरी सांगत गेले आणि मी टाईप करत गेले. चौथीपर्यंत शिकलेला माणूस, मराठी शाळेत. त्यामुळे आकडे मी मराठी लावले आणि अक्षर मोठं, लांबून दिसेल असं. सातव्या पायरीवर आल्यावर त्यांना आठवलं की चौथ्या आणि पाचव्याच्या मध्ये एक राहिली. मी कर्सर वर नेला, एंटर दाबलं आणि ती ओळ मध्ये घातली. खालचे सगळे आकडे एकेकाने पुढे गेले.

अब्बा स्क्रीनकडे वाकले. "खालच्याईले तू हात नाही लावला ना?"

नाही म्हटलं. तो क्रम मशीनच सांभाळते.

ते बराच वेळ हसत होते. मग मुद्दाम आणखी एक पायरी विसरल्यासारखं करून मध्ये घालायला लावली, आकडे सरकताना पाहिले आणि पुन्हा काढायला लावली. त्या सकाळी त्यांना खूप बरं वाटलं होतं. मलाही.

आम्ही चार याद्या केल्या. ऑइल बदलणे, प्लग साफ करणे, ब्रेक लायनर, आणि सगळ्यात मोठी क्लच प्लेटची. ती दोन कागदांवर जायची. सगळे कागद लॅमिनेट करून मी गॅरेजच्या भिंतीवर खिळ्यांना अडकवले. मोठी कामं त्यांनी सोडून दिली. गिऱ्हाइकंही जुनीच राहिली, त्यांच्याशिवाय दुसऱ्याच्या हातात गाडी न देणारी. अब्बा कागद समोर ठेवत, एक पायरी करत, तिच्यावर खडूने रेघ मारत आणि पुढच्या पायरीवर बोट ठेवत. काम झालं की फडक्याने खडू पुसून टाकत. सात-आठ महिने हे नीट चाललं. मी दिवसातून चारदा डोकावायचे. हळूहळू ते दोनदा झालं.

पावसाळा संपताना ते एकदा म्हणाले की क्लचच्या यादीत ऑइल भरायच्या आधी ते सोडायचा तळाचा नट पुन्हा कसून पाहणे, ही पायरी हवी. ती ओळ ऑइल बदलण्याच्या यादीत होतीच. मी तिथून उचलली आणि क्लचच्या यादीत चिकटवली. ती पहिल्या कागदाची शेवटची ओळ झाली. दुकानात तेव्हा निवडणुकीचे अर्ज भरायला आलेली माणसं उभी होती, सगळ्यांना घाई. मी दोन्ही कागद छापले, लॅमिनेशनमधून काढले आणि अब्बांच्या हातात दिले.

एका यादीतली ओळ दुसऱ्या यादीत चिकटवली की कधी कधी तिच्याखालचा क्रम तुटतो आणि आकडे परत एकपासून सुरू होतात. हे मला माहीत होतं. आकड्यावर उजवं बटण दाबायचं, पुढे चालू ठेवा म्हणायचं, की दोन सेकंदांत ठीक होतं. लोकांच्या कागदांत मी हे शेवटच्या पानापर्यंत तपासत असे.

दुसऱ्या कागदावर पंधरा, सोळा, सतरा हवं होतं. तिथे छापलं गेलं होतं एक, दोन, तीन. एक, ऑइल भरणे.

त्यानंतर महिन्याभराने जवळच्या गावचा एक शेतकरी क्लचच्या कामासाठी गाडी घेऊन आला. तो अब्बांकडे वीस-पंचवीस वर्षांपासून येत होता. अब्बांनी पहिल्या कागदावरच्या सगळ्या पायऱ्या केल्या. प्लेटा बसल्या, कव्हर बसलं, किक बसली, तळाचा नट कसला. मग त्यांनी दुसरा कागद पाहिला असणार. त्यावर पहिलीच ओळ ऑइल भरण्याची, आकडा एक. तो त्यांना ऑइल बदलण्याच्या वेगळ्या कामाचा कागद वाटला. त्यांनी तो परत खिळ्याला लावला. क्लचची तार त्यांनी सवयीनेच ताणली, किक मारली, गाडी चालू झाली आणि शेतकरी ती घेऊन गेला.

कोरड्या इंजिनावर गाडी चार-पाच किलोमीटर गेली आणि त्याच्या गावाच्या अलीकडे जाम झाली. मागचं चाक जागीच अडकलं. तो रस्त्यावर फेकला गेला. उजवा हात कोपरातून मोडला, आत रॉड टाकावा लागला.

गाडी टेम्पोत घालून परत आणली गेली तेव्हा अब्बांनीच तळाचा नट खोलला. खाली एक थेंबही पडला नाही. ते उठले, हात धुतले आणि जमलेल्या माणसांना म्हणाले, "चूक माही हाय. मी ऑइल भरलंच नाही."

सगळे गेल्यावर मी भिंतीवरचे कागद पाहिले. दुसऱ्या कागदावरचा एक पाहिला आणि तो कागद खिळ्यावरून काढून दुकानात नेला. मी तेव्हाच सांगायला हवं होतं. ते बाहेरच बसले होते, दहा पावलांवर. मी कागद कपाटात ठेवला आणि कुलूप लावलं. भीती कशाची होती हे मला आजही धड सांगता येत नाही. लोक काय म्हणतील ही नव्हती. आता या घरात डोकं ठिकाणावर असलेली मी एकटी उरले होते आणि माझंही चुकतं, हे त्यांना कळू द्यायचं नव्हतं. असं मी स्वतःला सांगितलं.

आठ दिवसांनी अब्बांनी गॅरेज बंद केलं. पाने, पुलर, फीलर गेज सगळं एकेक पुसून पेटीत भरलं आणि यवतमाळजवळ लोहारा इथे कारखान्यात कामाला असलेल्या माझ्या मामेभावाला देऊन टाकलं. त्यानंतर ते माझ्या दुकानात स्टूलवर बसून राहायचे. कोणी विचारलं की गॅरेज काहून बंद केलं, तर सांगायचे, "माह्या हातून एका माणसाचा हात गेला."

मी शेजारी बसून टाईप करत असायचे.

जुम्म्याच्या दिवशी ते नमाजला जायचे आणि कधी कधी फार उशिरा परत यायचे. चपला धुळीने भरलेल्या असत. मशिदीबाहेर जुन्या मित्रांबरोबर बसत असतील असं मला वाटायचं. दोनदा अनोळखी माणसांनी मोटरसायकलवर आणून सोडलं. मग मी त्यांना एकटं बाहेर सोडणं बंद केलं.

पुढच्या हिवाळ्यापर्यंत ते बरंच विसरले. अम्मी गेली हे विसरले. गॅरेज विसरले. अपघातही विसरले, आणि ते सुटले असं मला वाटलं. मग तेच मला सहन होईना. एका दुपारी आम्ही अंगणात उन्हात बसून मीठ घालून उकडलेल्या तुरीच्या शेंगा सोलत होतो आणि मी त्यांना सगळं सांगितलं. एक गाडी होती, एक यादी होती, ती मुलीने टाईप केली होती. घाईत आकडे चुकले आणि वडिलांनी ऑइल भरलं नाही. एक माणूस पडला आणि वडिलांनी सगळं आपल्या अंगावर घेतलं.

ते लक्ष देऊन ऐकत होते. दुसऱ्या कोणाच्या घरची गोष्ट ऐकावी तसे.

"मंग त्या पोरीनं सांगतलं का बापाले?" त्यांनी दुकानातल्या वऱ्हाडीत विचारलं.

"आता सांगून राह्यली, अब्बा."

"बरं केलं." त्यांनी सोललेले दाणे माझ्या तळहातावर ठेवले. "बाप काय बोलला मंग?"

मी दाणे खाल्ले.

ते गेल्या मे महिन्यात वारले. झोपेतच, पहाटे. शेवटचे चार महिने ते मला अम्मीच्या नावाने हाक मारत होते आणि मी ओ देत होते.

चाळिसावं झाल्यावर मी तो कागद कपाटातून काढला आणि ऑटो करून त्या शेतकऱ्याच्या गावी गेले. तो ओट्यावर बसला होता. उजवा हात कोपरात वाकलेलाच, सरळ होत नाही. त्याने मला ओळखलं, बायकोला चहा ठेवायला सांगितला. मी कागद त्याच्यापुढे ठेवला आणि सांगायचं ते सांगितलं. आकडा कुठे चुकला, तो मला कसा दिसला, आणि मी गप्प कशी राहिले.

त्याने कागद डाव्या हाताने उचलून वाचला.

"तुहे अब्बा येत होते इथं."

मला कळलं नाही.

"जुम्म्याले. सात-आठ खेपा आले असतीन. पह्यल्यानं आले तवा मी रागात होतो, बोललोच नाही. दुसऱ्यानं आले तं म्हटलं, जाऊ द्या चाचा, माफ केलं. तिसऱ्यानं आले तं पुन्हा तसेच हात जोडून उभे. म्हणे, पह्यल्यांदा येऊन राह्यलो तुह्या दारी, हिंमतच होत नव्हती. तवा मले समजलं, आपण येऊन गेलो हे याद राहत नाही. मंग मी दर वेळी नव्यानं माफ करत गेलो."

मी विचारलं, ते यायचे कसे.

"पायीच. ऑटोवाल्याले गावाचं नाव सांगता येत नव्हतं म्हणे. रस्ता तेवढा पायाले याद होता."

त्याच्या बायकोने चहा आणून ठेवला. ती तिथेच दाराशी उभी राहिली. त्याने कागद घडी न घालता माझ्याकडे परत सरकवला.

"तू तवाच सांगतलं असतं पोरी," तो म्हणाला, "तं त्याईच्या खेपा वाचल्या असत्या."

त्याच्या आवाजात राग नव्हता. मी हो म्हटलं. चहा संपवला, बशी त्याच्या बायकोच्या हातात दिली आणि निघाले.

फाट्यावर ऑटो उभा होता, पण मी बसले नाही. दोन्ही बाजूंना कपाशी होती, मध्ये डांबरी रस्ता, सावली कुठेच नाही. आर्णीत पोचायला मला सव्वा तास लागला. मी त्रेचाळीस वर्षांची आहे. ते त्र्याहत्तरचे होते आणि त्यांना जाऊन परत यायचं असायचं.