गोंदणारीची करवंटी

"छबूबाई, नमस्कार. हे पत्र तुमचा जावई वाचून दाखवील. त्याला सांगा, भराभर उरकू नकोस, आणि बाई रागावल्यात तिथं आवाज चढव. राग तुमच्यावर नाही. बारामतीच्या बाजारात चिंचेखाली बसायचं, समोरचीचा हात धरायचा, तिचं माहेर, नणंद, दुखणं सगळं बाहेर काढायचं आणि ती बोलतेय तोवर मनगटावर तुळस गोंदून मोकळं व्हायचं, हे करणारी बाई मी दुसरी पाहिली नाही. झालं असं की"

इथं नर्स विजयमालाबाईंनी पेन ठेवलं. 'झालं असं की'च्या पुढं हे पत्र चार महिने गेलं नव्हतं. बाहेर लस टोचायला आणलेली पोरं रडत होती. इंदापूर तालुक्यातल्या या आरोग्य केंद्रात बदली होऊन आल्यापासून त्यांचे पाय संध्याकाळी भाकरीसारखे फुगत, आणि कुणाच्या हाताला सूज आलेली पाहिली की त्यांना छबूबाई आठवे.

पंच्याण्णव साली बारामतीकडच्या दवाखान्यात असताना त्या छबूबाईला पहिल्यांदा भेटल्या त्या भांडायलाच. छबूबाईनं एकीचा हात गोंदून सुई पदराला पुसली आणि दुसरीच्या हातात खुपसली. विजयमालाबाईंनी भर बाजारात आवाज लावला, "अहो, रक्तातून कावीळ पसरते! कळतं का काही?"

छबूबाईनं मानही वर केली नाही. "भांडायचं आसंल तर बसून भांडा, शिस्टर. उन्हाची चक्कर ईल."

शिस्टर बसल्या. मग दर बाजारी बसू लागल्या. छबूबाईनं स्टोव्ह आणला, भगुलं आणलं. सुया वीस मिनिटं खळखळ उकळायच्या, एकीची सुई दुसरीला नाही, आधी साबणानं हात, आपलेही आणि तिचेही. अंगात ताप असेल, हातावर खरूज असेल, बाई पोटुशी असेल तर सरळ परत पाठवायची. पुढं पुढं छबूबाई शिस्टरपेक्षा कडक झाली. नवी सून समोर बसली की ऐकवायची, "डोळं मिटू नगंस, बघ मी काय करतीय ते. मुंगी चावल्यावानी हुईल. दोन दिस हात जड वाटंल, आठव्या दिशी खपली धरंल. खाजवायचं न्हाय. खपली उपटलीस तर तुळस जाऊन शेराचं झाड उगवंल हातावर. आन् सासू म्हनली शेण लाव, राख लाव, तर तिच्याच हाताला लाव." बायका हसायच्या. सासवा हसायच्या नाहीत.

सत्त्याण्णवच्या संक्रांतीनंतर कऱ्हाटीची सारजा दवाखान्यात आली. लग्नाला दोन महिने झालेले. हात कोपरापर्यंत लाल, तुळशीच्या जागी पू. मागोमाग त्याच बाजारी गोंदलेल्या आणखी दोघी. सारजाचा सासरा सावळाराम दारातच ओरडला, "शिस्टर, तुमचीच चेली ना ती? फुडल्या बाजारी बसू देत न्हाय तिला. करवंटीसकट उचलून फेकतो नदीत."

"आधी पोरीला आत आणा," विजयमालाबाई म्हणाल्या. सारजाचा हात आठ दिवसांनी बरा होत आला. छबूबाईची जागा मात्र जाणार हे दिसत होतं.

पुढच्या बाजारी त्या शाळेत तपासनीस यावा तशा छबूबाईसमोर बसल्या. साबण झाला. सुया उकळल्या. पहिलीचा हात झाला, सुई बाजूला ठेवली, नवी घेतली. सगळं बरोबर. मग छबूबाईनं नवी सुई गोंदायच्या काळीच्या करवंटीत बुडवली. त्याच करवंटीत, जिच्यात पहिलीच्या हाताला लागलेली सुई वीसदा बुडाली होती.

"थांबा!" विजयमालाबाई म्हणाल्या. "ही काळी कधीची?"

"सासूबाईची." छबूबाईला प्रश्न कळला नाही. "देवाच्या दिव्याची काजळी हाय. टाकत न्हाईत ती. थोडी ठिवायची, त्यातच नवी कालवायची. दह्याचं इरजान असतंय तसं. म्हातारीनं मरताना हातात दिलीय."

दोन वर्षं या करवंटीसमोर बसून विजयमालाबाई सुया मोजत होत्या. त्यांनाच दिसलं नव्हतं. आता बोलायचं कुणाला? त्या हळू म्हणाल्या, "छबूबाई, एकीच्या ताटातला घास दुसरीला देता का?"

छबूबाई करवंटीकडे बघत राहिली. "म्हंजी काळी उष्टी झाली व्हय?"

"व्हय."

"सासूबाईपासनं उष्टी?"

छबूबाई उठली, चिंचेच्या बुंध्याशी गेली आणि करवंटी पालथी केली. परत येऊन बसली तेव्हा नाक ओढत होती. "सावळारामाला सांगा, तुजं काम मीच केलं. आता येकीयेकीला येगळी काळी कशात दिऊ, ते सांगा."

"औषधाच्या बाटल्यांची झाकणं. दवाखान्यात ढीग पडलाय. उकळून पाठवते. एकीला एक, काम झालं की टाकून द्यायचं."

"तवर कुनाला हात लावत न्हाय," छबूबाई म्हणाली.

विजयमालाबाईंनी चाळीस झाकणं निवडली, उकळली, वाळवली आणि बिस्किटाच्या डब्यात भरली. त्याच आठवड्यात बदलीचा कागद आला. मग सामान, मग नवं केंद्र, मग पोलिओचे डोस. डबा सोबत इंदापूरला आला. दुधाच्या टेम्पोवाल्या सोनबाबरोबर धाडू, म्हणाल्या. सोनबा रोज दारावरून जायचा.

पाच महिन्यांनी त्या पगाराच्या कागदासाठी बारामतीला उतरल्या आणि वाकडी वाट करून चिंचेखाली गेल्या. जागा रिकामी होती. शेजारची बांगडीवाली रतन म्हणाली, "सावळाराम तर फिरकलाबी न्हाय. तीच बसली तीन बाजार, नुसती. बाया हात फुडं करायच्या, ही म्हनायची, थांबा, शिस्टर झाकनं धाडनार हायती. मंग उठली. लेकीकडं गेली वडगावला. खुरपायला जाती म्हनं. आनलीत का झाकनं?"

डबा इंदापुरात कपाटावर होता. "पुढच्या खेपेला," विजयमालाबाई म्हणाल्या. त्या बोलण्याला आता वर्ष होत आलं.

त्यांनी पेन पुन्हा उचललं. बाहेरून कुणीतरी हाक मारली, "शिस्टर, लस संपली!" कागद उडू नये म्हणून त्यांनी त्यावर डबा ठेवला आणि त्या बाहेर गेल्या. थोड्या वेळानं सोनबाचा टेम्पो भोंगा वाजवत दारावरून बारामतीकडे गेला.