मध्येच म्हटलेलं आमेन

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. पाळकसाहेबांना तर नाहीच नाही. आमच्या चर्चच्या मंडळीत माझ्या प्रार्थनेचं कौतुक आहे. कुणी आजारी पडलं की मला मुद्दाम नेतात. "मास्तरांनी केली की मन भरतं," म्हणतात. हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. कुणावर? लोकांवर नाही.

आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी. अभिमान आहे, लपवत नाही. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला बारामतीत हायस्कुलात मास्तर म्हणून लागलो. आई इंदापूरकडं गावातच राहायची. मोठी बहीण मार्था, आमची आक्का, नवऱ्यानं टाकल्यावर आईजवळच होती. त्या वर्षी आक्काच्या दोन्ही किडन्या गेल्या. तोंड सुजलं, पाय सुजले. पुण्याच्या डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं — म्हणजे काय, ते तुम्हाला कळतंच.

घरी प्रार्थनासभा ठेवली. मीच ठेवली. बारामतीहून पाळकसाहेब आले, बरोबर मंडळीतली शिकली-सवरलेली माणसं. आक्का पलंगावर, आम्ही खाली सतरंजीवर. रीत अशी — एकेकानं आपल्या शब्दांत मोठ्यानं प्रार्थना करायची, त्यानं आमेन म्हटलं की सगळ्यांनी आमेन म्हणायचं, मग पुढच्याची पाळी. मी सुरुवात केली. हे दयाळू स्वर्गीय पित्या, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो... खोटं! साफ खोटं. त्याची इच्छा मला नकोच होती, मला आक्का हवी होती. आतून देवाला शिव्या घालत होतो आणि तोंडानं ही इस्त्रीची मराठी.

मग आई.

"देवा, तुला दिसत न्हाय व्हय? पोरगी डोळ्यादेखत चाललीया माजी. तिनं काय वाकडं केलंय तुजं? नवरा न्हाय, लेकरू न्हाय, आता जीव बी नेतूस? लई राग आलाय मला तुजा. तुज्याशी बोलू वाटंना. पर देवा—"

"आमेन," मी म्हणालो. मोठ्यानं.

आणि सवयीनं सगळे म्हणाले — आमेन.

कळतंय का, मी काय केलं? सगळ्यांचे डोळे मिटलेले होते. माझे नव्हते. मी किलकिल्या डोळ्यांनी पाहुण्यांचे चेहरे बघत होतो — माझ्या आईची त्यांना लाज वाटतेय का, ते. त्यांना वाटत नव्हती. मला वाटत होती.

आईनं डोळे उघडले. "माजं व्हायचं हुतं की रं अजून."

"आई, देवाशी असं बोलत नसतात. शोभत नाही."

शेजारची सोनाकाकू तोंडाला पदर लावून म्हणाली, "मास्तरनं घंटा दिली गं, तास संपला तुजा!" पाहुणे हसले. मीही हसलो. आक्काला धाप लागली होती, तरी म्हणाली, "बोलू दे की तिला. माज्यासाठी बोलत हुती." मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि पुढच्या माणसाला खूण केली.

आक्का त्याच आठवड्यात गेली.

आईनं त्यानंतर चारचौघांत प्रार्थना केली नाही. पाळी आली की म्हणायची, "मास्तरला सांगा. त्येला येतं." टोमणा वाटतो? टोमणा असता तर बरं झालं असतं. तिनं खरंच मानलं होतं, की आपल्याला येत नाही. आमच्या घरात देवाशी खरं बोलणारी ती एकटी. राग आला तर राग आला म्हणून सांगायची आणि पुन्हा त्याच्याच दारात जाऊन बसायची. तिला मी बोलणं शिकवलं. मी! ज्याला देवापुढं एक वाक्य खरं बोलता आलं नाही. त्या 'पर'च्या पुढं ती काय बोलणार होती? कधी विचारलं नाही. पदवीला दोष देऊ? माझ्याबरोबर शिकलेल्या दुसऱ्या कुणी आपल्या आईचं तोंड बंद केलं नाही. मी केलं.

दशक संपता संपता आई बारामतीच्या दवाखान्यात होती. एका दुपारी मी आत गेलो तर डोळे मिटलेले, ओठ हलत होते — भरभर, कुणाशी तरी भांडावं तसे, मग सावकाश. मी वाकलो, कान अगदी जवळ नेला.

तिनं डोळे उघडले. मला पाहिलं. आणि ओठ मिटून घेतले.