वहीतले वाचक

"हात बघू," असं म्हटल्याशिवाय कंडक्टरांनी कुणाला पुस्तक दिलं नाही. आपण दोन्ही हात पुढे करायचे, उलटेपालटे करून दाखवायचे. बुरोंडीची मासळीवाली येऊन गेली असेल त्या दिवशी निम्म्या बायका परत जायच्या. एकदा सरपंचांनाही त्यांनी नळावर पाठवलं. म्हणाले, "सरपंच, बोटाला शाई चालेल, बांगड्याचं कालवण चालणार नाही."

खेड डेपोत त्यांनी एसटीची नोकरी केली. निवृत्त होऊन वाडीत आले तरी सगळ्यांसाठी ते कंडक्टरच राहिले. घरात बसवत नाही असा एखादा माणूस तुमच्याही गावात असेल. आल्यावर महिन्याभरात त्यांनी बुद्धविहाराच्या पडवीत पत्र्याची ट्रंक आणून ठेवली. आत पुस्तकं. "हे वाचनालय," म्हणाले. आम्ही हसलो.

पुढे वाचनालयासाठी खोली बांधायची ठरली. पुरुष सगळे मुंबईला. जांभ्याचे चिरे रस्त्यापासून विहारापर्यंत आम्ही बायकांनी डोक्यावरून वाहिले. कंडक्टर बाजूला उभे राहून ओरडत होते, "पुढे चला, पुढे चला!"

मी म्हटलं, "भाऊ, तोंड चालवता तसे हात चालवा."

तेव्हापासून ते चिरे उचलायला लागले, आणि मला घाबरायलाही.

मी चौथी शिकलेली. पहिलं पुस्तक वाचायला मला दीड महिना लागला. आठ दिवसांत परत करायचा नियम, म्हणून दर आठवड्याला जाऊन तेच पुस्तक पुन्हा लिहून घ्यायची.

"वहिनी, कुठवर आलात?"

"तुमच्या गाडीच्या आधी पोचेन."

चूक एकच झाली, आणि ती आम्हा सगळ्यांची. वाडीत काहीही लिहायचं तर नाव घरच्या कर्त्या पुरुषाचं लिहायचं. कंडक्टरांनी वहीतही तेच केलं. पुस्तक नेणार मी, नाव मुंबईतल्या माझ्या नवऱ्याचं. कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. मलाही नाही.

एका मे महिन्यात वाडीच्या मुंबई मंडळाची माणसं आली. विहारात सभा भरली. मंडळाचे अध्यक्ष म्हणाले, "वाचनालयाच्या जागी मुंबईकरांना उतरायला खोली करू, आतच संडास-बाथरूम. इथे वाचतंय कोण?"

कंडक्टरांनी वही पुढे केली. अध्यक्षांनी पान उघडलं तर समोर त्यांचंच नाव. दर आठवड्याला एक पुस्तक.

"मी वर्षभर विरारला, आणि इथून पुस्तकं नेतोय? ही वही खोटी आहे!"

सभा हसली. कंडक्टर उभेच राहिले. सबंध नोकरीत त्यांच्यावर एका तिकिटाचा ठपका आला नव्हता. खोली जाणार हे मला दिसलं.

मी उठले. "खोटी नाय. माझ्या नवऱ्याच्या नावावरची सगळी मी वाचली. विचारा कुठलंही."

अध्यक्षांनी वहीत एका ठिकाणी बोट ठेवलं. मी त्या पुस्तकाची गोष्ट सांगायला लागले.

"बरं, शेवटी काय होतं?"

"शेवट भिकार आहे. पण सांगते." आणि सांगितला.

मग अध्यक्षांची बायको उठली. ती वाडीतच राहते. पदर खोचून म्हणाली, "ओ, तुमच्या नावावरची मी नेली. मे महिन्यात येता ते आंबे किती लागले ते विचारता. काय वाचतेस, हे कधी विचारलंत?"

मग कोपऱ्यातली एक उठली, तिच्यामागून दुसरी. पाच-सहाजणी उभ्या राहिल्यावर अध्यक्षांनी वही मिटली.

"संडास हवा तर मागे जागा आहे," मी म्हटलं. "पण चिरे या वेळी तुम्ही वाहा."

खोली राहिली. दुसऱ्या दिवशी कंडक्टरांनी नवी वही काढली. एकेकीला समोर बसवून विचारायचे, "नाव सांगा. तुमचं." काहीजणी तरीही नवऱ्याचंच सांगायच्या. ते पेन खाली ठेवून वाट बघायचे.

माझं नाव लिहून झाल्यावर म्हणाले, "इतकी वर्षं मी चुकीचं तिकीट फाडलं, वहिनी."

"फाडलंत," मी म्हटलं. समजूत घालणं मला जमत नाही.

गेल्या वर्षी कंडक्टर गेले. आता वाचनालय आम्ही बायका पाळीपाळीने उघडतो. त्यांच्या पुण्यानुमोदनाचा विधी झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी माझी पाळी होती. वही चाळली तर एक पुस्तक त्यांच्याच नावावर, मुदत उलटलेलं. त्यांच्या घरी गेले. पुस्तक उशाशी सापडलं. त्यांची सून घरातच असते, पण वाचनालयाची पायरी ती कधी चढलेली नव्हती. म्हणाली, "काकी, आठवण म्हणून राहू दे ना."

"नाय. ते वाचनालयाचं आहे."

मी पुस्तक घेऊन निघाले. ती डोळे पुसत मागोमाग आली. मी वहीत पुस्तक जमा केलं. ती दारातच घुटमळली. मग आत आली, माझ्या हातातलं पेन घेतलं आणि खालच्या ओळीत स्वतःचं नाव लिहिलं. तेच पुस्तक उचललं.

"आठ दिवसांत आणायचं," मी म्हटलं.